शरीरापासूनचं अंतर

खाडीच्या तोंडाशी असलेल्या दगडी भिंतीपासून बोटींसाठीच्या सिग्नलच्या गंजक्या खांबापर्यंत शंभर मीटर किनारा आमच्या वाट्याला होता. दर रविवारी सकाळी सात वाजता आम्ही तिथे जमायचो. हातमोजे, चिमटे, गोण्या, ताणकाटा आणि पुठ्ठ्याला लावलेला तक्ता. तक्ता मी आणला. त्याआधी या गटात कोणी काही मोजत नसे. "आज अकरा गोण्या झाल्या," एवढं म्हणायचं आणि थर्मासमधला चहा प्यायचा.

गट बाबांचा. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी एकट्याने सुरुवात केली होती. जानेवारीत ते जिन्यात कोसळले. हृदयाचे ठोके इतके मंदावले होते की डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर बसवावा लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यंत्र आहे तोवर काळजी नाही. यंत्राशिवाय मात्र त्यांचं हृदय एक दिवसही काढेल याची खात्री मी देणार नाही." आईला जाऊन बारा वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच. पर्यावरणशास्त्राची पदवी हातात होती, नोकरीची दोन पत्रंही होती. ती मी टेबलाच्या खणात ठेवली आणि बाबा बरे होईपर्यंत रविवारची त्यांची जागा घेतली.

"जातेस तर जा," बाबा म्हणाले, "पण तिथं शहाणपणा शिकवू नकोस. कचरा वाकून उचलायचा असतो, दुर्बिणीतून नाही."

मी शहाणपणा शिकवलाच. तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठी असेल ती प्रत्येक वस्तू म्हणजे एक. गोळा केलेलं सगळं ताडपत्रीवर पसरायचं, दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मोजायचं. मोजणारे बहुतेक वेळा निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजे सगळ्यांचे हेडसर, आणि मी. वाचनालयात काम करणाऱ्या काकू वजन घेत. चौथा होता प्लंबर. त्याला सगळे पाना म्हणत, आणि त्याच्या बायकोलासुद्धा त्याचं खरं नाव आठवायला वेळ लागत असावा. अधूनमधून आणखी पाच-सहा जण येत, फोटो काढून जात.

पहिल्या रविवारी एकूण चारशे सतरा वस्तू भरल्या. दुसऱ्या रविवारी चारशे सतरा. तिसऱ्या रविवारी आम्ही दोनदा मोजलं, कारण हेडसरांचा आकडा चारशे सोळा आला आणि माझा चारशे सतरा. चूक त्यांची निघाली. एक पारदर्शक झाकण ताडपत्रीला चिकटलं होतं.

"समुद्राला कोटा ठरवून दिलेला दिसतोय," पाना म्हणाला. "वर नाही, खाली नाही."

मला हसू आलं नाही. चारशेच्या आसपासचा आकडा, बाकी काहीही बदललं नाही तरी, आठवड्याला वीस-पंचवीसने मागेपुढे व्हायलाच हवा. इथे तर सगळंच बदलत होतं. एका रविवारी वजन तेवीस किलो, पुढच्या रविवारी नऊ. कधी निम्म्या बाटल्या, कधी सगळा थर्माकोल. फक्त वस्तूंची संख्या तीच.

मला पहिला संशय हेडसरांचा आला. पानालाही.

"सरांनी जन्मभर शाळेचे शंभर टक्के निकाल लावलेत," तो माझ्या कानाशी पुटपुटला. "समुद्राचाही लावत असतील."

मग मी एकटीने मोजलं. चारशे सतरा. एकदा कोणाला न सांगता शेवटचं निशाण खांबाच्या पलीकडे दहा मीटर सरकवलं, म्हणजे पट्टा एकशे दहा मीटरचा झाला. चारशे सतरा. पुढच्या वेळी दहा मीटर आत घेतलं, तरीही चारशे सतरा. निशाण सरकवलं की किनारा माझ्याकडे बघून आवरतोय किंवा सैलावतोय, असा एक अत्यंत अशास्त्रीय विचार डोक्यात आला आणि मी तो घरी येईपर्यंत झटकत राहिले.

बाबांना सांगितलं तेव्हा ते उशीला टेकून बसले होते.

"आकड्याचं तू बघ," ते म्हणाले. "मला एकच आकडा बघायचाय. शून्य. जाळी लागू दे, मग बघ."

जाळी म्हणजे खाडीच्या पुलाखाली आडवी टाकायची तरंगती जाळी. शहराचा कचरा खाडीतून समुद्रात येतो, तो तिथेच अडवायचा. त्यासाठी बाबांनी नऊ वर्षं पालिकेचे उंबरठे झिजवले होते. चार अधिकारी बदलले, अर्जांची फाइल उशीएवढी जाड झाली. अखेर एप्रिलमध्ये जाळी लागली. बाबांना पुलावर जायची परवानगी नव्हती, म्हणून मी व्हिडिओ काढून आणला. त्यांनी तो अकरा वेळा पाहिला. मी मोजलं, कारण तोवर मला सगळंच मोजायची सवय लागली होती.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा जाळीच्या वरच्या अंगाला कचऱ्याची गादी साचलेली पुलावरूनच दिसत होती. खालचं पाणी मोकळं होतं. काकूंनी येताना पेढ्यासारखं काहीतरी गोड डब्यात आणलं होतं.

किनाऱ्यावर चारशे सतरा वस्तू होत्या.

पण त्या कचऱ्यासारख्या नव्हत्या. समुद्रातून येणाऱ्या प्लास्टिकला एक रंग असतो, दुधी, उन्हाने खाल्लेला. कडा झिजलेल्या असतात. त्यावर शेवाळ, बारीक शंख चिकटलेले असतात. या वस्तू स्वच्छ होत्या. स्टीलचे चमचे, कंगवे, टीव्हीचा रिमोट, दाराची कडी. एक टूथब्रश होता, ओला. मी तो नाकाशी नेला. पेस्टचा वास येत होता, मिठाचा नाही.

"अगं बाई!" काकू ओरडल्या. त्यांच्या हातात चष्म्याची निळी पेटी होती. "ही माझी! काल रात्री टीव्हीवर ठेवली होती."

"तुमच्यासारखी असेल," हेडसर म्हणाले.

"सर, आत माझाच चष्मा आहे. लावून दाखवू?"

पानाला त्याचा तेरा नंबरचा पाना मिळाला, मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेला. तो आधी खूप हसला. मग म्हणाला, "कोणीतरी आपली मजा घेतंय." मग त्याने आजूबाजूला पाहिलं. एक किलोमीटरपर्यंत सपाट वाळू होती आणि तिच्यावर फक्त आमच्या पावलांचे ठसे होते.

पुढच्या रविवारी बनियन, मोजे, पट्टे, अंगठ्या, केसांच्या पिना. त्यातला एक शर्ट हेडसरांचा निघाला. आदल्या रात्री तो त्यांनी उशाशी घडी करून ठेवला होता आणि सकाळी मिळेना म्हणून सुनेवर चिडले होते. शहरात त्या आठवड्यात सगळेच काही ना काही शोधत होते, पण घरात वस्तू हरवल्या की माणसं आधी घरातल्यांना धरतात. कोणी समुद्रावर येऊन बघत नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी हेडसर तोंडावर रुमाल धरून आले. बोलेनात. ताडपत्रीवर वस्तू पसरल्या तेव्हा तिसऱ्या ओळीत त्यांची कवळी होती. वरची आणि खालची, दोन नग.

"काढून ठेवली होती का सर?" मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. रुमालाआडून कसंबसं म्हणाले, "घालूनच झोपतो मी."

पानाने कवळी पुसून त्यांच्या हातात दिली.

त्या दिवशी घरी येऊन मी तक्त्यात एक रकाना वाढवला. ज्या वस्तूंचे मालक आम्हाला ठाऊक होते, त्या आदल्या रात्री मालकापासून किती लांब होत्या, ते त्यात लिहिलं. चष्म्याची पेटी, साडेतीन मीटर. पिशवीतला पाना, पाच मीटर. शर्ट, चाळीस सेंटीमीटर. कवळी, शून्य. रकान्याला मी नाव दिलं, 'शरीरापासूनचं अंतर'.

तीन आठवड्यांत पाच मीटरवरून शून्य. चौथ्या बिंदूसाठी आलेख काढायची गरज नव्हती. शून्याच्या पुढे काय असतं ते मला माहीत होतं, आणि आमच्या घरात ते कुठे आहे तेही. बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. सदऱ्याच्या गळ्यातून तो उंचवटा दिसत होता, काडेपेटीएवढा, कातडीखाली जरासा तिरका.

मोजणं थांबवावं असं वाटलं. पण थर्मामीटर फेकून दिल्याने ताप उतरत नाही.

मग मी एक साधी गोष्ट गृहीत धरली, कारण तिच्यावर काही करता येणं शक्य होतं. किनाऱ्याला चारशे सतरा हवे आहेत. खाडी ते पुरवत होती तोवर ठीक होतं. आम्ही खाडी अडवली. आता तो दुसरीकडून घेतोय.

पालिकेच्या वर्गीकरण शेडचा मुकादम कचऱ्याच्या ढिगावर खुर्ची टाकून बसला होता. मी त्याच्याकडे बाटल्या, झाकणं, डबे मागितले.

"लोक टाकून जातात इथं. नेणारी पहिलीच बघतोय."

"अभ्यासाला हवंय."

"काय एकेक शिक्षण निघालंय!" तो म्हणाला आणि त्याने दोन गोण्या भरून दिल्या.

मी गच्चीवर बसून चारशे सतरा नग तीनदा मोजले. प्रत्येकाला खालून टाचणीच्या डोक्याएवढा निळा ठिपका दिला, म्हणजे माझे कोणते ते कळावं. शनिवारी भर दुपारी, जेव्हा त्या वाळूवर कुत्रंही फिरकत नाही, तेव्हा स्कार्फने तोंड बांधून गेले आणि भिंतीपासून खांबापर्यंत सगळं पसरलं. बाटल्या भरतीच्या रेषेला, झाकणं वर, दोऱ्या दगडांमध्ये. नऊ वर्षं बाबांनी जिथून एकेक तुकडा वाकून उचलला, तिथेच मी वाकून एकेक ठेवत होते. कंबर सारखीच दुखते.

रविवारी चारशे सतरा भरले. प्रत्येकावर निळा ठिपका होता. चमचा नाही, कंगवा नाही, कोणाचं काही नाही. काकू म्हणाल्या, "चला, निदान नेहमीचा कचरा तरी आला," आणि त्यांच्या आवाजात इतकी सुटका होती की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

मी चार आठवडे तेच केलं. शहरात वस्तू हरवायच्या थांबल्या. हेडसर पुन्हा स्पष्ट बोलू लागले. मला झोप लागेना ते वेगळं. शनिवारची दुपार जवळ आली की पाय स्वस्थ बसत नसत. घरात मी या खोलीतून त्या खोलीत फिरायचे, गोणीची गाठ सोडून पुन्हा मोजायचे. चारशे सोळाच असतील तर? मोजताना बाबांनी हाक मारली होती, तेव्हा एक सुटला असेल तर?

बाबा मात्र खचत चालले. मी दर रविवारी तक्ता त्यांच्या हातात द्यायचे आणि ते शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसायचे.

"जाळीतून काही निसटत नाही. मी पालिकेतल्या माणसाला फोन केला होता," ते एकदा म्हणाले. "मग हे येतं कुठून?"

"समुद्रातून येत असेल. बाहेरून."

"तू शिकलेली आहेस. तू म्हणतेस तर असेल." त्यांनी तक्ता मला परत दिला. "माझं काहीतरी चुकलं म्हणायचं. नऊ वर्षं."

मी खरं सांगितलं असतं तर ते हसले असते. किंवा त्याहून वाईट, त्यांनी विश्वास ठेवला असता आणि यंत्राची पर्वा न करता रविवारी स्वतः किनाऱ्यावर गेले असते.

मेअखेर पालिकेचं पत्र आलं. जाळीचा उपयोग होत नसल्याचं आमच्याच तक्त्यांवरून दिसतं, सबब रविवारी अधिकारी पाहणी करतील आणि जाळी ठेवायची की काढायची ते ठरवतील. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून उशीखाली ठेवलं आणि जेवायला नको म्हणाले. मला आनंद झाला होता. जाळी निघाली की खाडी तिचं काम पुन्हा सुरू करणार होती. बाबांच्या पाठीवर हात ठेवून बसले असताना मला आनंद झाला होता, हे मी लिहून ठेवते, कारण नोंद अर्धवट ठेवणं मला जमत नाही.

त्या शनिवारीही मी दुपारी दीड वाजता चारशे सतरा नग पसरून आले.

रविवारी सात वाजता पोचले तर हेडसर भिंतीपाशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात छडीसारखा धरलेला चिमटा. शाळेच्या तपासणीच्या दिवशी असे दिसत असतील.

"जरा इकडे ये," त्यांनी मला बाजूला घेतलं. "आयुष्यात कधी कॉपी करू दिली नाही मी कोणाला. पण काल केली."

"म्हणजे?"

"काल संध्याकाळी माझे जुने विद्यार्थी बोलावले. पंचवीस जण होते. सगळा पट्टा साफ केला, खांबापासून भिंतीपर्यंत. गोण्या परस्पर शेडला पाठवल्या. आज साहेबाला शून्य दिसलं पाहिजे." त्यांचे डोळे चमकत होते. "तुझ्या बाबांसाठी गं. तेवढं आम्ही करू शकतो की नाही?"

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. वाळू रिकामी होती. खांबापर्यंत गुळगुळीत, पिवळट.

"सर, हे किती वाजता केलंत?"

"सहाला. अंधार पडायच्या आत आटोपलं. का?"

 म्हणजे रात्रभर किनारा रिकामा होता.

पालिकेचा अधिकारी आला. त्याने बूट काढून हातात घेतले. "स्वच्छ दिसतंय की," तो म्हणाला. तेवढ्यात पाण्याच्या कडेला गेलेल्या पानाने हाक मारली.

भरतीने सोडलेल्या ओल्या रेषेवर, भिंतीपासून खांबापर्यंत, काहीतरी बारीक चमकत होतं. एका ओळीत. कोणीतरी बसून मांडावं तसं.

स्क्रू होते. लहान, पांढुरक्या धातूचे. दातांवरच्या टोप्या होत्या. बोटाएवढ्या पट्ट्या, भोकं पाडलेल्या. डोळ्यांत बसवतात ती भिंगं, मासळीच्या खवल्यांसारखी वाळूला चिकटलेली. सगळं धुतलेलं, स्वच्छ.

"हे काय, दवाखान्याचा कचरा?" अधिकारी म्हणाला. "यासाठी वेगळा विभाग आहे."

आम्ही ताडपत्री पसरली. चिमटे वापरायचं कोणाच्या मनात आलं नाही. सगळे बोटांनीच उचलत होते, हलकेच.

पानाने एक पट्टी उचलली. तिला चार स्क्रू लागलेले होते. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"माझ्या गुडघ्यात अशीच घातलीय," तो म्हणाला. "मोटारसायकलवरून पडलो होतो तेव्हा."

त्याने विजारीचा पाय वर केला आणि गुडघा चाचपला. पुन्हा चाचपला. मग उभा राहिला, दोन पावलं चालला, तीन पावलं परत आला.

"चालतोय," तो म्हणाला. "नीट चालतोय." त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

आम्ही मोजलं. मी आणि हेडसर, वेगवेगळं.

चारशे सोळा.

"चारशे सोळा!" काकूंनी टाळी वाजवली आणि लगेच हात खाली घेतले. "एक तर कमी झाला."

हेडसर म्हणाले, "पुन्हा मोजू."

"तुम्ही मोजा," मी म्हटलं आणि परत पाण्याकडे गेले.

ते खांबाच्या पायथ्याशी होतं. पाण्याने कोरलेल्या खळग्यात, अर्धं वाळूत. काडेपेटीहून जरा लहान, गोलसर कडा, राखाडी धातू. वर कंपनीचं नाव आणि त्याखाली आकडे कोरलेले. मी ते मुठीत घेतलं. सकाळच्या गार वाळूत ते कोमट होतं.

अंगाइतकं कोमट.

ते आकडे मला पाठ होते. बाबांच्या पाकिटातल्या कार्डावर तेच होते. ते कार्ड मी स्वतः लॅमिनेट करून आणलं होतं.

मी ते खिशात टाकलं. ताडपत्रीकडे न जाता रस्त्याकडे चालायला लागले. मग पळायला लागले.

दीड किलोमीटर. रिक्षा दिसली नाही, किंवा दिसली आणि सुचलं नाही.

दार उघडंच होतं.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, केस विंचरलेले. समोर जाळीची फाइल उघडी होती आणि ते अर्जाच्या कोऱ्या कागदावर काहीतरी लिहीत होते.

"इतक्या लवकर?" ते म्हणाले. "साहेब आला नाही का?"

"आला."

"मग? धापा का टाकतेस? कुत्रं मागे लागलं?"

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि सदऱ्याची वरची दोन बटणं काढली. त्यांनी काढू दिली. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली टाक्यांची रेघ होती, जुनी, भरून आलेली. तिच्याखाली कातडी सपाट होती.

मी तळवा टेकवला. दाबला. फक्त हाड.

"दुखतंय का बाबा?"

"नाही गं. उलट आज फार हलकं वाटतंय. सकाळी उठलो तोच हलका. जिना उतरून पेपर आणला, दम नाही लागला."

मी त्यांचं मनगट धरलं. नाडीवर तीन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

काही लागेना.

बाबा बोलत होते. जाळी काढली तरी हरकत नाही, पुलाच्या वरच्या अंगाला दुसरी सुचवायची, त्याचा आराखडा त्यांनी काढलाय.

काटा पुढे सरकत होता. पाच. सहा. सात.

मग बोटांखाली एक ठोका आला. मोठा. खालून वर येणारा, भरून येणारा, आणि मग सावकाश मागे गेला.

पुन्हा काही नाही.

आठ सेकंदांनी दुसरा.

बाबांच्या ओठांचा रंग चांगला होता. बोटं गरम होती. ते पेन्सिलने कागदावर पूल काढून दाखवत होते.

फोन वाजला. हेडसर. मी एका हाताने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. दुसरा हात मनगटावरून काढला नाही.

"अगं, गेलीस कुठं?" हेडसर विचारत होते. "तक्त्यावर सही राहिली तुझी. आणि ऐक, चारशे सोळाच आहेत. तीनदा मोजले." ते पाण्याच्या अगदी कडेला उभे असावेत. त्यांच्या आवाजामागे एक लाट फुटली.

माझ्या बोटांखाली ठोका पडला.

"ऐकू येतंय का? हॅलो?"

मी घड्याळाकडे बघत नव्हते. फोनकडे बघत होते. पाणी वाळूवरून मागे जाताना होतो तसा खसखस आवाज आला, मग शांतता, मग दूर कुठेतरी उचललं जाणारं पाणी.

लाट.

ठोका.

"सर आहेत ना? मी बोलतो त्यांच्याशी," बाबा म्हणाले. "सर, या इकडेच चहाला. सगळ्यांना घेऊन या."

"येतो, येतो," हेडसर म्हणाले. "ओहोटी लागलीय. पाणी बघता बघता आत गेलं बघा. हे जरा आवरतो आणि निघतो."

लाट फुटली, आधीपेक्षा बारीक. ठोकाही.

बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "मघापासून नाडी धरून बसलीयस, डॉक्टरीणबाई. किती ठोके भरतायत मिनिटाला?"

"बहात्तर," मी म्हटलं, आणि पुढच्या लाटेची वाट पाहत राहिले.